काडी कीं किडा ?

कोंकणांतील एका बालवाचकाचें पत्र आमच्याकडे आलें आहे. तो लिहितो, "परसांतल्या पेरूवर एक वाळकी काडी अडकली होती. ती काढावयास हात लावला, तों काडी चालूं लागली! आजी म्हणते, हात लावूं नकोस, हा कांहीं भुताटकीचा प्रकार आहे. दादा म्हणतो, हा टोळाचा भाऊबंद. आम्हीं खरें कोणाचें मानावें?"

अशा पत्रास उत्तर देण्यांत आम्हांस विशेष आनंद वाटतो; कारण येथें आजीचा आणि दादाचा, दोघांचाही मान राखतां येतो. हा जीव कीटकांच्या ज्या गणांत मोडतो त्याचें शास्त्रीय नांव 'फॅस्मॅटोडिया' असें आहे, व तें 'फॅस्मा' या ग्रीक शब्दावरून आलें आहे. फॅस्मा म्हणजे भूत, भास, छायारूप! आजीच्या मनांत जें आलें तेंच नांव ठेवणाऱ्या पंडितांच्याही मनांत आलें होतें. दादाचेंही चुकलें नाहीं. टोळ आणि नाकतोडे हे या किड्याचे दूरचे नातलग होत. मराठींत यास काडीकिडा म्हणतात, आणि हेंच नांव आम्ही पुढें वापरणार आहों.

काडीकिड्यांच्या ३,००० हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. उष्ण प्रदेशांतील रानें हें त्यांचें मुख्य माहेर. आपल्या सह्याद्रींतही त्यांचें वास्तव्य आहे. सगळेच पाल्यावर राहणारे. लांबी म्हणाल तर कांहीं बोटाएवढे, तर कांहीं हातभर. बोर्निओ बेटावरील एका जातीचें वर्णन २००८ मध्यें प्रसिद्ध झालें, तिची लांबी ५६.७ सेंटिमीटर होती. पुढें २०१४ मध्यें चीनच्या ग्वांगशी प्रांतांत एक काडीकिडा सांपडला, तो ६२.४ सेंटिमीटर भरला. शाळेंतील फूटपट्टी एकापुढें एक अशी दोनदां ठेवली तरी ती त्यास अपुरी पडेल! मात्र हीं मापें घेतांना पाय पुढेंमागें ताणून धरलेले असतात हें सांगितलें पाहिजे. नाहीं तर कोणी चौकस वाचक आमच्यावर अतिशयोक्तीचा आरोप करावयाचा.

आतां या काडीची घडण पाहा. अंग सरळ व बारीक. त्यावर जागोजाग पेरें, जशीं डहाळीवर असतात तशीं. रंग करडा, तपकिरी किंवा पोपटी. सहा पाय आणि दोन मिशा. हें सर्व कोणत्याही कीटकास असतेंच. पण काडीकिडा विसांवा घेतो तेव्हां पुढचे दोन पाय डोक्याच्याही पुढें एका रेषेंत ताणून धरतो, आणि मिशा त्या पायांच्या मधोमध मिटून ठेवतो. मग डोकें कोठें संपलें आणि पाय कोठें सुरू झाले, हें कळावयास मार्ग राहत नाहीं. डोकें तर जाड असतें, तें दोन्ही पायांच्या मध्यें मावतें कसें? आम्हांस सर्वांत नवल वाटतें तें येथेंच. पुढच्या प्रत्येक पायाची मांडी मुळाशीं आंतल्या बाजूस किंचित् बांकलेली असते. दोन्ही पाय जवळ आले कीं त्या दोन बांकांची मिळून एक खोबण होते आणि डोकें तींत नेमकें बसतें. चांगल्या सुतारानें सांधा बसवावा आणि त्यावरून बोट फिरवून पाहावें, तसें हें काम आहे.

परंतु नुसतें रूप घेऊन भागत नाहीं. पांडवांच्या अज्ञातवासाची गोष्ट आमच्या सर्व वाचकांस ठाऊकच आहे. भीमानें आचाऱ्याचा वेष घेतला, पळीपात्रें हातीं धरलीं. पण कीचकास मारतांना हात मात्र भीमाचाच उठला, आणि तेवढ्यावरून सगळेंच उघडकीस येण्याची वेळ आली. वेष आचाऱ्याचा तर वागणेंही आचाऱ्याचेंच पाहिजे. काडीकिडा या कसोटीस उतरतो. दिवस उजाडला कीं तो जागच्या जागीं स्थिर होतो. अंगास स्पर्श झाला तरी कित्येक जाती हालत नाहींत. कांहींचा एखादा पाय हलकेंच उचलून वांकडा ठेवला, तर तो तसाच राहतो, जणूं किड्यास आपल्या पायाचें भानच नाहीं! खाणें, हिंडणें सर्व रात्रीं. आणि वारा सुटला म्हणजे? सभोंवारच्या डहाळ्या डुलत असतां एकच काडी ताठ राहिली तर ती डोळ्यांत भरणार नाहीं काय? म्हणून वाऱ्याची झुळूक लागतांच कित्येक काडीकिडे आपलें अंग मागेंपुढें डोलवूं लागतात.

या सोंगानें भलेभले फसले आहेत. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज सृष्टिशास्त्रज्ञ बोर्निओ बेटावर प्राणी व कीटक गोळा करीत होता. त्यानें १८६७ मध्यें लिहिलेल्या एका निबंधांत हकीकत दिली आहे. तेथील दयाक जातीच्या एका माणसानें त्याजकडे एक काडीकिडा आणला; त्याच्या सर्वांगावर शेवाळासारखे हिरवट झुपके होते. दयाक मनुष्य जन्मानें रानचा. तरी तोही सांगूं लागला कीं, किडा जिवंत आहे, पण त्याच्या अंगावर शेवाळ रुजलें आहे. वॉलेसलाही प्रथम तसेंच वाटलें. बारकाईनें तपासून पाहिल्यावर त्याची खात्री झाली कीं, तें शेवाळ नव्हे. किड्याच्या कातडीलाच तसे फांटे फुटलेले आहेत. पुढें डार्विननें आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या आवृत्तींत ही हकीकत घेतली.

अशा रीतीनें भोंवतालच्या वस्तूंचें रूप घेऊन लपण्यास 'मायावरण' असा शब्द आहे. शब्द गोड आहे खरा. पण त्यामुळें एक गैरसमज होण्याचा संभव आहे. आमच्या बालवाचकांपैकीं कोणी तरी आतां विचारणारच, "आपण काडीसारखे दिसतों, हें त्या किड्यास ठाऊक असतें काय?" दारीं येणारा बहुरूपी आज फौजदार होतो, उद्यां बैरागी होतो, कारण त्यास आरशांत पाहतां येतें आणि आपल्या तोंडावरचा विस्मयही पाहतां येतो. काडीकिड्याकडे आरसा नाहीं. त्याचा वेष त्यानें निवडलेला नाहीं. तो निवडला आहे त्यास खाणाऱ्यांनीं!

हें कोड्यासारखें वाटेल, म्हणून कॅलिफोर्नियांतील एक उदाहरण सांगतों. तेथील डोंगरांतल्या झुडपांवर 'टायमेमा क्रिस्टिनी' नांवाचा एक लहानसा काडीकिडा राहतो. क्रिस्टिना सँडोव्हल या संशोधिकेवरून त्यास हें नांव मिळालें. एका झुडपाचीं पानें सुईसारखीं बारीक असतात. त्यावर राहणाऱ्या बहुतेक किड्यांच्या पाठीवर एक पांढरा पट्टा असतो, आणि त्यामुळें किडा दोन बारीक पानांसारखा दिसतो. दुसऱ्या झुडपाचीं पानें रुंद. त्यावरील बहुतेक किडे सरळ हिरवे, बिनपट्ट्याचे. आतां पट्ट्याचा किडा रुंद पानावर जाऊन बसला तर काय होईल? पक्ष्यास तो लगेच दिसतो. पॅट्रिक नोसिल या शास्त्रज्ञानें किड्यांवर खुणा करून त्यांस अशा उलटसुलट झुडपांवर सोडलें आणि कांहीं दिवसांनीं मोजदाद केली. तेव्हां चुकीच्या झुडपावरील किडे कमी उरले होते. जेथें पक्ष्यांस किड्यांपर्यंत पोंचतां येत नव्हतें, तेथें मात्र असा फरक पडला नाहीं. २००४ मध्यें हें संशोधन प्रसिद्ध झालें. पक्षी दिसेल तो उचलतो. न दिसलेला वांचतो, त्याचीं पिलें होतात, आणि पिलें आईबापांवर जातात. हेंच लाखों वर्षें, पिढ्यान् पिढ्या चाललें. काडीचा आकार पक्ष्याच्या डोळ्यानेंच घडविला. आणि तोही बिचाऱ्यानें स्वतःच्या तोट्यासाठीं! ही निवड किती जुनी आहे म्हणाल, तर जर्मनींत मेसेल येथें पानासारख्या दिसणाऱ्या अशाच एका कीटकाचा अश्मीभूत अवशेष सांपडला आहे. तो सुमारें ४ कोटि ७० लक्ष वर्षांपूर्वींचा आहे.

आतां जरा आपल्या देशाकडे येऊं. जगांतील प्रयोगशाळांत आणि शाळांत जो काडीकिडा सर्वांत अधिक पाळला जातो, तो मूळचा तामिळनाडूंतील पळणीच्या डोंगरांतला. कोडईकनालजवळच्या शेंबगनूर येथील किड्यांवरून १९०१ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याचें शास्त्रीय नांव 'कॅरॉशियस मोरोसस'. युरोपांतील मुलें यास कांचेच्या पेटींत पाळतात व आयव्हीच्या वेलीचीं पानें खावयास देतात. या जातीची गंमत अशी कीं, जवळजवळ सगळ्या मादीच! नर फारच क्वचित् आढळतो. मादी नरावांचून शेंकडों अंडीं घालते आणि त्यांतून पुन्हां मादीच निपजतात.

या किड्याचें मायावरण घड्याळाप्रमाणें चालतें. त्याच्यांतील हिरवे किडे रंग बदलत नाहींत. परंतु तपकिरी किडे दिवसां फिके व रात्रीं गडद होतात. त्यांच्या त्वचेंतील पेशींमध्यें रंगाचे सूक्ष्म कण असतात. रात्रीं ते वर येऊन पसरतात, सकाळीं खालीं जाऊन गोळा होतात. हवा दमट झाली तरी रंग काळवंडतो. पावसानें भिजलेली डहाळीही काळसर दिसते, हें ध्यानांत घ्यावें.

आईच्या वेषाची गोष्ट झाली, आतां अंड्याची. काडीकिड्याचें अंडें हुबेहूब एखाद्या बीसारखें दिसतें. कवच कठीण, त्यावर नक्षी, आणि एका टोंकास झांकण. पिल्लूं तें झांकण उघडून बाहेर येतें. या पळणीच्या किड्याचीं अंडीं धण्याहून लहान असतात. पुष्कळ जातींच्या माद्या अंडीं कोठें चिकटवीत बसत नाहींत. झाडावरून एक एक खालीं टाकून देतात. उत्तर अमेरिकेंतील कांहीं रानांत यांची संख्या फार वाढते, तेव्हां पाचोळ्यावर पडणाऱ्या अंड्यांचा आवाज पावसाच्या थेंबांसारखा येतो असें सांगतात. आई इतकी निष्काळजी कशी? पण थांबा. कित्येक जातींच्या अंड्यांच्या झांकणावर एक स्निग्ध बोंड असतें. मुंग्यांस तें आवडतें. त्या अंडें ओढून वारुळांत नेतात, बोंड खातात आणि कठीण कवचाचें अंडें आंतल्या अडगळींत टाकून देतात. तेथें तें अंड्यांत शिरकाव करणाऱ्या परोपजीवी गांधिलमाशीपासून सुरक्षित राहतें. कित्येक वनस्पतींच्या बियांवरही असेंच बोंड असतें व मुंग्या त्याही अशाच नेतात. किड्यानें येथें बीचें नुसतें रूपच नव्हे, तर तिची युक्तीही साधली आहे.

ऑस्ट्रेलियांतील एका कांटेरी जातीची तर याहून पुढची मजल! तिचें अंडें वारुळांत फुटतें. बाहेर येणारें पिल्लूं काळ्या अंगाचें, तांबूस डोक्याचें असतें आणि मुंगीसारखें लगबगीनें धांवतें; तेथील मुंग्याही तशाच रंगाच्या. पुढें झाडावर चढून कात टाकली कीं तें मुंगीचें सोंग उतरवितें आणि वाळक्या पानाचें घेतें. एका जन्मांत बी, मुंगी आणि पान!

बीप्रमाणें हीं अंडीं पक्ष्यांच्या पोटांतून प्रवास करतात कीं काय, याचीही परीक्षा झाली आहे. जपानांत कोबे विद्यापीठाच्या केन्जी सुएत्सुगु यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बुलबुलांस खाद्याबरोबर हीं अंडीं चारलीं. बहुतेक फुटलीं, पण कांहीं विष्ठेंतून अभंग बाहेर पडलीं आणि त्यांतल्या एखाददुसऱ्यांतून पिल्लूंही निघालें. २०१८ मध्यें हें प्रसिद्ध झालें. पक्ष्याच्या चोंचींत सांपडलेल्या आईचा वंश अशा रीतीनें कधीं काळीं दूरच्या रानीं उतरत असावा, असा त्यांचा तर्क आहे.

सोंग उघडें पडलें तर काय, हेंही थोडक्यांत सांगतों. कोणी झाडावरून टपकन् खालीं पडतो आणि पाचोळ्यांत मिसळून जातो. पळणीच्या किड्याच्या पुढच्या पायांच्या मुळाशीं लाल डाग असतात, ते तो एकाएकीं उघडे करतो. फ्लॉरिडांतील एक जात डोळ्यांस झोंबणारा द्रव पिचकारीसारखा उडविते. पाय पकडला गेला तर पुष्कळ जाती तो तोडून टाकून निसटतात. किडा लहान असला तर पुढील कातींबरोबर पाय पुन्हां फुटतो, मोठ्यास मात्र तो परत मिळत नाहीं. म्हणून मुलांनो, काडीकिडा सांपडला तर त्यास पायास धरून ओढूं नका. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत, रात्रीं विजेरी घेऊन, वडील माणसांबरोबर कुंपणाचीं झुडपें न्याहाळावीं. किड्यापेक्षां कुरतडलेल्या पानांच्या कडा आधीं शोधाव्या. भोजनभाऊ तेथून फार दूर नसतो.

येथवर जें सांगितलें त्यांत एक गोष्ट सर्वत्र आहे. आकार, रंग, स्थिर बसणें, वाऱ्याबरोबर डोलणें, हें सारें पाहणाऱ्या डोळ्यासाठीं. ज्या शत्रूनें हा वेष घडविला, त्याच्यापुढें तो चालतो. पण जो डोळ्यांनीं शोधीतच नाहीं, अंधारांत नाकानें हुंगत येतो, त्याच्यापुढें काय? या प्रश्नाचें उत्तर एका बेटावर मिळालें, आणि तें फार कडू आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, किनाऱ्यापासून सुमारें ६०० किलोमीटरांवर, लॉर्ड हाऊ नांवाचें एक लहानसें बेट आहे. वटवाघळें सोडलीं तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तेथें मूळचा नव्हता. त्या बेटावर एक दांडगा, काळा, बिनपंखी काडीकिडा राहत असे; इतका जाडजूड कीं कोणी त्यास काडी न म्हणतां सोटाच म्हणावें. दिवसभर तो झाडांच्या ढोलींत लपे, आणि पक्षी झोंपीं गेले कीं बाहेर येई. ती तजवीज पुरेशी होती. किडे इतके विपुल होते कीं कोळी लोक गळास लावावयास त्यांचा उपयोग करीत. जून १९१८ मध्यें 'मकाम्बो' नांवाची आगबोट तेथें किनाऱ्यास रुतून बसली, आणि तींतून उंदीर उतरले. उंदीरही रात्रीं हिंडतो, झाडावर चढतो, ढोलींत शिरतो, आणि वासावर माग काढतो. काळा रंग आणि अंधार यांचा त्याच्यापुढें कांहींएक उपयोग झाला नाहीं. थोड्याच वर्षांत बेटावर एकही काडीकिडा दिसेना, आणि ही जात नष्ट झाली असें ठरलें.

त्या बेटापासून सुमारें २३ किलोमीटर दूर समुद्रांतून एक उघडाबोडका सुळका वर आला आहे. उंची साडेपांचशें मीटरांहून अधिक. त्यास 'बॉल्स पिरॅमिड' म्हणतात. १९६४ मध्यें गिर्यारोहकांस त्यावर एक मेलेला किडा दिसला होता. शेवटीं फेब्रुवारी २००१ मध्यें शास्त्रज्ञांची एक तुकडी तेथें गेली. दिवसां त्यांना कड्याच्या फटींतल्या एका झुडपाखालीं मोठ्या किड्याच्या ताज्या लेंड्या आढळल्या. पण किडा निशाचर! म्हणून त्यांतले दोघे रात्रीं, दिवा घेऊन, तो कडा पुन्हां चढले. झुडपावर काळेभोर, चकचकीत किडे पाला खात होते. पुढील मोजणींत ते अवघे २४ भरले. त्या सुळक्यावर उंदीर कधीं पोंचले नव्हते.

२००३ मध्यें तेथून दोन जोड्या आणल्या, त्यांपैकीं एक मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयांत ठेविली. मादी लवकरच आजारी पडली, अंग आंखडूं लागली. तिच्या रक्षकानें कॅल्शियम व फुलांतला मध यांचें पातळ मिश्रण करून तिच्या तोंडांत थेंब थेंब घातलें. ती वांचली आणि अंडीं घालूं लागली. त्या वंशाचीं हजारों पिलें पुढें निपजलीं. सुळक्यावरचे किडे आणि संग्रहालयांत जपून ठेवलेले बेटावरचे जुने किडे दिसावयास थोडे निराळे होते, म्हणून कांहींजणांस शंका होती. २०१७ मध्यें त्यांच्या अनुवंशद्रव्याची तुलना झाली आणि जात एकच असें सिद्ध झालें. २०१९ मध्यें लॉर्ड हाऊ बेटावर उंदीर निखालस काढून टाकण्याची मोठी मोहीम झाली.

या जातीचें पिल्लूं अंड्यांतून निघतें तेव्हां हिरवेंगार असतें आणि भर दिवसां पानांतून हिंडतें. वाढतां वाढतां तें काळसर होतें, उजेड टाळूं लागतें, आणि मग सगळीं भावंडें दिवसभर एकाच ढोलींत एकमेकांस बिलगून बसतात.